संक्रांत ते श्रावण: पॉलिमर क्लेच्या बारा बोरमाळा

पॉलिमर क्लेचा एक मणी गोल वळणं कोणालाही जमतं. चारशे मणी सारखे वळणं हे वेगळं काम आहे. एकाच माळेतले मणी थोडे लहानमोठे झाले तर कोणी काही म्हणत नाही, उलट "हाताने केलेलं कळतंय" असं कौतुक होतं. बारा जणी एका रांगेत उभ्या राहून खेळ करणार असतील आणि प्रत्येकीच्या गळ्यात तीच माळ दिसायला हवी असेल, तर त्या कौतुकाचा उपयोग नसतो. हे काम मी २०२५ मध्ये संक्रांतीला घेतलं आणि श्रावणात संपवलं. सुरू करताना मराठीत काही वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

काम आलं ते आमच्या भागातल्या मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या गटाकडून. गटाच्या ताई हळदीकुंकवाला आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, गेल्या वर्षी बाजारातल्या बोरमाळा घेतल्या. फुगडीत एकीची तुटली, मणी स्टेजभर पसरले आणि पुढच्या झिम्म्यात दोघी घसरल्या. तू त्या क्लेच्या करतेस ना? हलक्या कर, आणि तुटणार नाहीत अशा कर." माळेला सहाशे रुपये ठरले. पहिली मंगळागौर २९ जुलैला होती, त्यामुळे हातात सहा महिने होते. मला ते भरपूर वाटले.

बोरमाळ म्हणजे बोरांच्या आकाराच्या मण्यांची माळ. सोन्याची असते तेव्हा मणी पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेली असते, म्हणून दिसते भरघोस आणि सोनं लागतं कमी. मणी अगदी गोल नसतो, किंचित लांबट असतो. ही लांबट गोलाई दोन तळहातांत वळताना प्रत्येक वेळी वेगळी येते. गोल मणी निदान डोळ्याला ओळखीचा असतो, हात आपोआप त्याच्याकडे वळतो. बोराच्या आकाराला असा आधार नाही. त्यामुळे साच्याचं काहीतरी लागणार हे पहिल्याच दिवशी कळलं.

फेब्रुवारी क्ले निवडण्यात गेला. ज्यांनी हे कधी हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग. हवेत सुकत नाही, ओव्हनच्या उष्णतेनेच घट्ट होतं. हवेत सुकणारी क्ले बरीच स्वस्त मिळते, पण नाचून घामाघूम होणाऱ्या गळ्यासाठी ती नको. पाणी लागलं की ती मऊ पडते. पुण्यात चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानांत पॉलिमर क्लेचे सुटे रंग मिळतात, पण एकाच रंगाच्या दहा वड्या एकदम मागितल्या की दुकानदार "ऑर्डर टाकावी लागेल" म्हणतो. मी ऑनलाइन मागवल्या. ५७ ग्रॅमची वडी मला २६० रुपयांना पडली. सगळ्या वड्या एकाच वेळी मागवा, कारण पुढच्या खेपेतली छटा किंचित वेगळी निघू शकते. आल्या की वेष्टनावरूनच बोटाने दाबून बघा. अंगठा रुतायला हवा. जी दगडासारखी लागते ती कुठल्यातरी गोदामात तापून आलेली असते, आणि ती मळताना विरी गेलेल्या पिठाच्या भाकरीसारखी कडेने चिरत जाते.

गटाला माळा सोनेरी हव्या होत्या. सोनेरी क्ले तयार मिळते, पण तिची चमक अभ्रकाच्या बारीक चकत्यांची असते आणि त्या चकत्या क्ले ज्या दिशेने लाटली जाते त्या दिशेने आडव्या होतात. मण्यावर मग लाकडावरच्या शिरांसारख्या फिकट-गडद रेषा उमटतात. एकटा मणी छान दिसतो. पण प्रत्येक मण्यावरच्या रेषा वेगळ्या असल्यामुळे माळ एकसारखी दिसत नाही. म्हणून ठरवलं की क्ले हळदीकडे झुकणारी साधी पिवळी घ्यायची, आणि आकार झाल्यावर वरून अभ्रकाची सोनेरी पूड ब्रशने लावायची.

आता हत्यार. याला बीड रोलर म्हणतात. दोन सपाट पट्ट्या असतात, ॲक्रिलिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, आणि दोन्हींवर समोरासमोर खाचा. खालच्या पट्टीच्या खाचेत क्लेची गोळी ठेवायची, वरची पट्टी ठेवायची आणि पुढे-मागे सरकवायची. गोळी खाचेत गडगडत फिरते आणि खाचेचा जो आकार असेल तो घेते. खाच अर्धगोल असेल तर गोल मणी, उथळ असेल तर लांबट, इंग्रजी व्हीसारखी असेल तर दोन्हीकडे निमुळता. ऐकायला इतकं सोपं आहे की मी एका भारतीय संकेतस्थळावरून साडेतीनशे रुपयांचा रोलर मागवून मोकळी झाले. आला तो हलक्या प्लास्टिकचा होता आणि दोन पट्ट्यांच्या खाचा एकमेकींवर बसतच नव्हत्या, जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. प्रत्येक मण्याच्या कमरेवर पायरी यायची. परत पाठवला. पैसे परत यायला मार्चचे पहिले दोन आठवडे गेले, कारण विक्रेता "वस्तू वापरलेली आहे" म्हणत होता. तुम्ही घेणार असाल तर डबा उघडल्याबरोबर दोन्ही पट्ट्या जोडून टोकाकडून उजेडात धरा. खाचांची भोकं नीट गोल किंवा लांबगोल दिसली तरच क्ले लावा. न दिसल्यास तिथेच फोटो काढून ठेवा.

मग न्यू जर्सीतल्या भाच्याला सांगितलं. तिकडे चांगला रोलर तीस डॉलरच्या आसपास मिळतो. त्याने तो कुरिअरने पाठवला आणि पावतीवर 'भेट' लिहिलं. त्याला वाटलं त्याने ड्युटी वाचेल. हा समज अजून खूप जणांचा आहे. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून भेट म्हणून आलेल्या वस्तूंना ड्युटीची सूट नाही. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राख्या. पार्सल मुंबईला उतरलं आणि मला केवायसीची लिंक आली. त्यात आधारचं चित्र चढवायचं. माझ्या आधारवर जुना पत्ता, पार्सलवर नवा. "पत्त्याचा पुरावा जोडा" असं उत्तर. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, म्हणून तेही चालेना. शेवटी माझ्या बँकेचं नव्या पत्त्यावरचं स्टेटमेंट चाललं. तोवर गुढीपाडवा होऊन गेला होता. ड्युटी, त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क मिळून रक्कम रोलरच्या किमतीच्या जवळपास गेली. तुमचं कोणी सुट्टीत येणार असेल तर सरळ बॅगेत आणायला सांगा. घाई असल्यास कुरिअरने मागवा, पण आधारवरचा पत्ता आधी बघा.

एप्रिलमध्ये हातात आला तेव्हा रोलर बघून बरं वाटलं. जाड ॲक्रिलिक, खाचा तंतोतंत, आणि एका बाजूला क्ले मोजायची छोटी पन्हळ. पन्हळीत क्ले दाबून भरायची, वरून पात्याने सपाट कापायची, जेवढी राहिली तेवढी एका मण्याला लागते. ही पन्हळ बघून सुरुवातीला मला ती शोभेची वाटली होती. प्रत्यक्षात सगळं काम तिच्यातच आहे.

रोलर मणी सारखे करत नाही. तो फक्त आकार सारखा करतो. आत क्ले किती आहे ते त्याला कळत नाही. क्ले जास्त झाली की ती खाचेबाहेर पसरते आणि मण्याला कड येते. कमी पडली की दोन्ही टोकं बोथट राहतात. म्हणजे सारखेपणा यायचा तर तो मोजण्यात यायला हवा, पट्टी फिरवायच्या आधी. आणि चारशेवीस मण्यांसाठी पन्हळ भरत बसणं म्हणजे श्रावण नव्हे, मार्गशीर्ष उजाडला असता.

इथे मला शाळेतलं गणित उपयोगी पडलं. क्लेची पोळी एका जाडीची लाटायची, गोल कटरने चकत्या कापायच्या, एका चकतीची एक गोळी. चकतीतली क्ले आणि गोळीतली क्ले तेवढीच, म्हणून दोन्ही बाजूंचा π (पाय) उडून जातो आणि हिशोब असा उरतो: चकतीच्या त्रिज्येचा वर्ग गुणिले जाडी गुणिले सहा, त्याचं घनमूळ म्हणजे गोळीचा व्यास. १६ मिमी व्यासाची चकती ३ मिमी जाड असेल तर आठाचा वर्ग ६४, गुणिले ३, गुणिले ६, झाले ११५२. घनमूळ साधारण साडेदहा. म्हणजे साडेदहा मिलिमीटरची गोळी. ती लांबट खाचेत गेली की साडेनऊ जाड आणि पावणेतेरा लांब असं बोर होतं, आणि माझ्या रोलरच्या एका खाचेत ते नेमकं बसलं. २० मिमीचा कटर आणि तीच पोळी घेतली तर १२ मिमीची गोळी मिळते. तुमच्या खाचेला किती लागतं ते एकदा पन्हळीत भरून वजन करून घ्या आणि त्याला जुळणारा कटर शोधा. वजनासाठी शंभरांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा पाचशे रुपयांच्या आत येतो.

पोळीची जाडी मात्र खरोखर ३ मिमी हवी. पास्ता मशीनवर लाटणारे असतात, माझ्याकडे ते नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. नेमप्लेट करणाऱ्याकडून ३ मिमी ॲक्रिलिकच्या दोन टाकाऊ पट्ट्या आणल्या, त्याने पैसेही घेतले नाहीत. क्लेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवायचं. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की खाली क्ले बरोबर ३ मिमी उरते. (हे लाटणं पुन्हा पोळीला वापरायचं नाही. क्लेला लागलेलं काहीही स्वयंपाकात परत जात नाही, कटर आणि ताटलीसुद्धा.)

थोडीफार चूक पचते, हेही गणितच सांगतं. क्ले दहा टक्के जास्त झाली तरी गोळीचा व्यास तीन टक्क्यांनीच वाढतो. उलट बाजूने बघायचं तर दहाऐवजी अकरा मिलिमीटरचा मणी दिसला, तर त्यात तेहतीस टक्के क्ले जास्त आहे, तेव्हा तो सरळ बाजूला काढायचा. मी दर चकतीचं वजन करणं लवकरच सोडलं. दहा-पंधरांतून एखादी काट्यावर ठेवायची, आणि शेवटी व्हर्निअर कॅलिपर लावायचा.

मे महिन्याबद्दल वेगळं लिहायला हवं. पुण्यात दुपारी क्ले इतकी मऊ होते की चकती उचलली की लांबते, आणि खाचेतून मणी निघण्याऐवजी चिकटून राहतो. मऊ झालेली क्ले दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तक ठेवलं की कागद तिच्यातलं तेल थोडं शोषतो आणि ती ताठर होते. छापील कागद नको, शाई उतरते. मी पहाटे काम करायला लागले. घरातले उठायच्या आत चकत्या कापून गोळ्या वळून व्हायच्या. फिकट क्लेवर धूळ आणि पोळपाटाखालचा प्रत्येक केस दिसतो, म्हणून सुती साडी नेसून हे काम करू नये, तंतू उडतात. लहान बाळांसाठी मिळतात ते ओले वाइप्स जवळ ठेवावे आणि दर थोड्या वेळाने हात पुसावेत.

खाचेत घालायच्या आधी गोळी तळहातावर अगदी गुळगुळीत वळावी लागते. तिच्यावर घडीची रेघ राहिली तर रोलर ती मिटवत नाही, फक्त ताणून लांब करतो. खाचेला पाण्याचा हात लावायचा किंवा कॉर्नफ्लोअरची चिमूट झटकायची. सुरुवातीला वरची पट्टी नुसती टेकवायची, वजन टाकायचं नाही, आणि छोट्या छोट्या अंतराने पुढे-मागे करायचं. गोळी फिरायला लागली हे हाताला जाणवतं. मग हळूहळू दाब वाढवत दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत जायचं. टेकल्या की थांबायचं.

हे थांबणं महत्त्वाचं का, ते मला मणी उभा कापून बघितल्यावर दिसलं. जास्त वेळ फिरवलेल्या मण्याच्या मधोमध पोकळी झाली होती. माझा दीर कारखान्यात आहे, तो बघून हसला. दोन बाजूंनी दाबून फिरवलेल्या गोल वस्तूच्या आत ताण येतो आणि मध्य फाटतो. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी याच गुणाचा उपयोग करून तापलेल्या पोलादी कांबीतून बिनजोड नळ्या काढल्या. त्यांना पोकळी हवी होती. मला नको होती, कारण आत हवा राहिली तर भाजताना मण्याला फुगवटा किंवा चीर येऊ शकते.

काम झालं की रोलर लगेच धुवायचा, साबणाचं कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश. चिकट उरलं तर बेबी ऑइल. क्लेची इतर हत्यारं पुसायला स्पिरिट चालतं, पण ॲक्रिलिकला ते लावू नका, बारीक तडे जातात. आणि कच्ची क्ले रोलरमध्ये रात्रभर ठेवू नका.

भोक पाडायच्या आधी मी पेठेत जाऊन दागिने रेशमात गाठवून देणाऱ्या पटवेकरी काकांना भेटले, आणि हा टप्पा कोणीही गाळू नये. माळ मी ओवली असती, पण गाठवून घ्यायची होती त्यांच्याकडून, म्हणजे प्रत्येक मण्यानंतर गाठ. तशी गाठवलेली माळ एका ठिकाणी तुटली तरी एखादाच मणी सुटतो, बाकीचे जागेवर राहतात. गटाची खरी अडचण त्यानेच सुटणार होती. काकांनी मणी चिमटीत धरून बघितला, म्हणाले, "भोक दोन मिलिमीटरचं ठेवा. रेशीम दुपदरी जाईल. आणि भोकाच्या तोंडाला धार नको, रेशीम कापतं." लग्नसराई चालू असल्याने त्यांनी तारीख दिली आषाढीनंतरची. मजुरी माळेमागे ९० रुपये.

भोक पाडताना मणी चेपू नये म्हणून वळलेले मणी झाकणाच्या डब्यात घालून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचे. मग सुई दाबायची नाही, दोन बोटांत फिरवत आत न्यायची. अर्ध्यावर थांबून दुसऱ्या टोकाकडून यायचं, म्हणजे बाहेर पडताना कड उचकटत नाही. बारीक सुईने वाट केल्यावर २ मिमी जाडीची सळई त्याच वाटेने फिरवायची. अभ्रकाची पूड याच वेळी लावली, मऊ ब्रशने, पंखा बंद करून आणि तोंडाला मास्क बांधून. ती पूड नाकात जाणं चांगलं नाही.

भाजायला मी जुना ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेतला, अठराशे रुपयांत, फक्त क्लेसाठी. मायक्रोवेव्ह चालत नाही. वेगळा ओव्हन घेणं शक्य नसेल तर निदान झाकणबंद भांड्यात भाजावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. माझ्या क्लेच्या वेष्टनावर १३० अंश आणि दर ६ मिमी जाडीला ३० मिनिटं असं होतं. फिमो नावाच्या क्लेवर ११० अंश लिहिलेलं असतं. वेष्टनावरचाच आकडा पाळावा. अडचण अशी की ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवता येत नाही. आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर चारशे रुपयांना आणला तेव्हा समजलं की बटण १३० वर असताना आत १५० च्या वर जातंय. क्ले फार तापून जळायला लागली तर पीव्हीसीतून घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, म्हणून हे चारशे रुपये वाचवू नका. तळाशी दोन फरशीचे तुकडे ठेवले की उष्णता स्थिर राहते. मणी सळयांवर ओवून, सळया ट्रेच्या कडांवर टेकवून, वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करायचा, म्हणजे कॉइलची आच थेट लागून वरचे मणी करपत नाहीत. साडेनऊ मिलिमीटर जाडीला मी पाऊण तासाच्या वर, जवळजवळ तासभर ठेवले. कमी भाजलेला मणी दिसायला ठीक असतो आणि महिन्याभराने आपटला की फुटतो. एकदा घाणा आत असताना वीज गेली. त्याने काही बिघडत नाही, वीज आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ भाजायचं.

प्रत्येक घाण्यातला एक जादा मणी थंड झाल्यावर हातोडीने ठोकून बघितला. चांगला भाजलेला मणी दबतो, चुरा होत नाही.

जून संपताना वॉर्निशचं काम आलं. पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वॉर्निश, पातळ दोन हात, मध्ये एक दिवस. त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला होता आणि हवेत इतकी ओल होती की एक दिवसाचे दोन दिवस झाले. नेलपॉलिश किंवा स्प्रे वॉर्निश लावू नका. त्यातल्या द्रावकांचा क्लेवर परिणाम होतो आणि काही आठवड्यांनी मणी कायमचा चिकट होतो. हवं तर एका वाया मण्यावर लावून बघा. भोकाच्या तोंडाला वॉर्निश साचलं तर वॉटर पेपरची बारीक गुंडाळी करून फिरवायची, काकांनी सांगितलेली धारही त्यानेच गेली.

आषाढी ६ जुलैला झाली. त्यानंतरच्या सोमवारी मणी काकांकडे पोचवले, प्रत्येक माळेचे पस्तीस मणी आणि मण्यांच्या मध्ये ओवायच्या सोनेरी बारीक गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून. त्यांनी लाल रेशमात गाठवून, मागे गोंडा लावून, गटाच्या पहिल्या तालमीआधी दिल्या. एका माळेचं वजन पन्नास ग्रॅमच्या आतच भरलं. ताईंनी बाराही माळा सतरंजीवर ओळीने मांडल्या, वाकून बघितल्या आणि म्हणाल्या, "कोणती कोणाची, ते नावं लिहून ठेवायला हवं." मला यापेक्षा जास्त काही ऐकायचं नव्हतं.

हिशोब असा. क्ले २६०० रुपये, अभ्रक पूड ३५०, वॉर्निश ४५०, मधल्या गोळ्या आणि गोंडे ९००, गाठवणं १०८०. एकूण ५३८०. मिळाले ७२००. उरलेल्या १८२० मध्ये रोलर, ओटीजी आणि काटा धरलेला नाही, आणि माझ्या पहाटाही नाहीत. दर ठरवायच्या आधी हा हिशोब मांडून बघा. आज मी हेच काम नऊशेच्या खाली घेणार नाही.

श्रावणात माळा भरपूर नाचल्या. एक माळ कोंबड्याच्या खेळात ओढली जाऊन तुटली. सुटला तो एकच मणी, तोही पदरात सापडला.

सप्टेंबरमध्ये दिवाळीपूर्व प्रदर्शनात अर्धा स्टॉल घ्यायचं ठरवलं तेव्हा अर्जात उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक मागितला होता. हे फार घाबरण्यासारखं नाही. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन लागतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि कामाचा एनआयसी कोड निवडावा लागतो. नकली दागिन्यांचा कोड ३२१२०. प्रमाणपत्र लगेच डाउनलोड झालं. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. शोधताना वर जी संकेतस्थळं येतात त्यातली काही सरकारी दिसतात आणि हजार-दोन हजार मागतात, ती दलालांची असतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, ते बघा. जीएसटीचाही प्रश्न आला होता. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर ती नोंदणी सक्तीची नाही, असं अर्जाच्या रकान्यात लिहून दिलं आणि ते चाललं.

उरलेली कच्ची क्ले कशात ठेवायची असं स्टॉलवर दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून तेही लिहिते. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ लिहिलेला डबा चांगला, किंवा साधी पॉलिथिनची पिशवी. ६ असेल तो कडक पारदर्शक डबा नको, क्लेतलं तेल त्याला विरघळवतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावरही तशीच ठेवू नका, डाग पडतो. आणि माळ विकताना त्याच घाण्यातले तीन-चार मणी पुडीत बांधून, वर तारीख लिहून सोबत द्या. नंतर करून दिलेल्या मण्याचा आकार जुळतो, रंग जुळेलच असं नाही.